नांदरुकाच्या पानातली पांढरी बुरशी

आमच्या शाळेच्या कुंपणाला नांदरुकाची झुडपं आहेत. शाळा सुरतेत, गोडादऱ्याच्या बाजूला, मराठी माध्यमाची. मुलांचे वडील बहुतेक खानदेशातून लूम्सवर कामाला आलेले. मी तिथं विज्ञान शिकवते, आणि मला ते फार छान येतं असा बरीच वर्षं माझा समज होता.

गेल्या वर्षी झुडपांची कोवळी पानं मधोमध दुमडायला लागली. शेंग सोलावी तसं पान उघडलं की आत बारीक काळे किडे वळवळायचे. हे किडे पानाचा रस पितात, त्यानं पान दुमडून जाड होतं आणि त्याच घरात त्यांची पिल्लं वाढतात. मी आठवीच्या मुलांना कुंपणापाशी नेऊन हे दाखवत होते. एका पानातले किडे मात्र हलत नव्हते. त्यांच्या अंगावर कापसासारखी पांढरी बुरशी चढली होती. “बघा, झाडाला आता दुसराही रोग लागला,” मी म्हटलं.

झाडांना पाणी घालणाऱ्या शिपाई मावशी बाजूलाच होत्या. सुरतेला येण्याआधी त्यांची बरीच वर्षं धुळ्याकडे कपाशीच्या शेतात गेलेली.

“ऱ्हाऊ द्या ना बाई,” त्या म्हणाल्या. “मजारना किडा मरी ऱ्हायनात. धव्वी बुरशी त्यास्ले खाई ऱ्हायनी.”

मुलं खुदकन हसली, कारण वर्गात अहिराणी बोललं की मी रागावते. बुरशी झाडाला नाही, आतल्या किड्यांना खातेय, एवढी साधी गोष्ट मावशी सांगत होत्या. मला मात्र एका शिपाईबाईनं मुलांसमोर आपल्याला दुरुस्त केलं, एवढंच दिसलं.

“मावशी, विज्ञान मी शिकवते. तुम्ही पाणी घाला.”

मुलं पुन्हा हसली. या वेळी मला ते आवडलं, हे सांगायची आज लाज वाटते.

शनिवारी मी बुरशीनाशकाची बाटली आणली आणि मावशींनाच फवारायला लावली. त्यांनी तोंडाला पदर बांधला आणि कुंपण फवारून काढलं.

बुरशी गेली. किडे राहिले आणि चांगलेच माजले. महिन्याभरात एकही कोवळं पान सरळ राहिलं नाही. किडे मुलांच्या मानेवर बसून चावायला लागले. तेव्हा कुठं मी नीट वाचलं. किड्यांवरच जगणाऱ्या बुरश्या असतात आणि काही शेतकरी त्या मुद्दाम फवारतात. माझ्या औषधानं किड्यांना काहीच झालं नव्हतं. त्यांना मारणारी बुरशी तेवढी मेली होती.

तरीही दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापकांनी मावशींना स्टाफरूममध्ये बोलावून काय फवारलं म्हणून खडसावलं, तेव्हा मी मूग गिळून बसले. मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “दवा मीच मारेल शे, सर.” ते औषध मी आणलं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही.

त्यांच्याकडून झाडं काढून घेतली आणि संडासांचं काम दिलं. शाळेत त्यांना जीव लावून करावंसं वाटणारं काम झाडांचं तेवढं एकच होतं. शाळा भरायच्या आधीच त्या पाइप घेऊन उभ्या असायच्या. सरांना खरं काय ते मी उद्या सांगते, सोमवारी सांगते, असं करत राहिले. नाही सांगितलं.

पुढं एकदा मधल्या सुट्टीत त्या माझ्या टेबलापाशी आल्या. ओल्या हातात एक दुमडलेलं पान होतं. मागच्या भिंतीकडे जिथं फवारा पोचला नव्हता, तिथं बुरशी टिकली होती.

“पोरेस्ले दखाडा, बाई. तुमले नीट सांगता येस.”

मी ते पान सातवीत नेलं. आठवीत न्यायची हिंमत झाली नाही. किडा कसा मरतो, बुरशी त्याच्या अंगात कशी शिरते, सगळं रंगवून शिकवलं. एका मुलीनं विचारलं, “बाई, हे तुम्हाला कसं कळलं?”

“पुस्तकात वाचलं.”

बाहेरून बादली घेऊन जाणाऱ्या मावशी दाराशी थांबल्या. त्यांचा चेहरा उजळला होता.

“पुस्तकम्हा बी शे का, बाई?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हटलं, आणि मुलांना वह्या काढायला सांगितल्या.