आमच्या हॉलमधला बास्केटबॉल

असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. लहान मूल असलेल्या घरात जोडीतला एकेकच मोजा साठत जातो, तसे ते साठतात. कपाट उघडलं की एखादा हातात येतो. मैत्रिणी विचारतात, "तू नक्की करतेस तरी काय?" मी सांगते, "अमेरिकेतल्या कॉलेज-बास्केटबॉलच्या अंदाजांची ऑनलाइन स्पर्धा चालवते." त्या आधी माझ्या उंचीकडे बघतात आणि मग विषय बदलतात.

तर थोडक्यात सांगते. तिकडे मार्चमध्ये चौसष्ट कॉलेजांची बाद पद्धतीची स्पर्धा असते आणि अख्खा देश तेव्हा वेडा होतो. पहिला सामना सुरू व्हायच्या आत लोकांनी पार अंतिम विजेत्यापर्यंत तक्ता भरायचा, कोण कुणाला हरवणार याचा. अंदाज बरोबर आला की गुण. असे तक्ते भरायची वेबसाइट ग्रेग नावाच्या एका अमेरिकन गृहस्थांची. निकाल टाकणं आणि तक्रारींना उत्तरं देणं हे काम मात्र नाशिकला, कॉलेज रोडवरच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, आम्हा चौघांकडे! मिलिंद सर मालक. तुषार प्रोग्रॅमर, पंचवटीतला. रोहिणी सटाण्याची, ती ईमेल बघायची. आणि मी, बाळंतपणानंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली, निकाल टाकणारी.

ते वर्ष चाचणीचं होतं. एकही निकाल चुकला नाही तर तीन वर्षांचा करार, आणि करार झाला तर मी कायम. चुकला तर मी परत घरी. माझा स्वतःवरचा विश्वास बघता मी निम्मी घरी पोचलेच होते.

*

पहिली अडचण म्हणजे बास्केटबॉल आमच्यापैकी कुणी धड पाहिलेलाच नव्हता. सरांनी आम्हाला एका कॉलेजच्या मैदानावर सामना बघायला नेलं. भर उन्हात पायऱ्यांवर बसवून ते नियम समजावत होते, आणि तेही आदल्या दिवशीच वाचून आलेले. फाऊल म्हणजे काय, तीन गुण कधी, दोन कधी. आम्ही माना डोलावत होतो.

तासाभराने रोहिणीने घाम पुसत विचारलं, "सर, आपल्याला कोण जिंकलं एवढंच टाकायचंय ना?"

"हो."

"मग आपण शेवटीच आलो असतो तर?"

*

वेबसाइट तपासायला एक खोटा तक्ता भरायचा होता. तुषारने ते काम मला दिलं. मी दोन दिवस घेतले. वाघ चिन्ह असलेला संघ निवडला, मग वाटलं अस्वल बरं, मग पुन्हा वाघ. पहिल्या दिवशीचे सामने झाले आणि कळलं की माझे जवळजवळ सगळे अंदाज चुकलेत. मी खजील होऊन बसले होते.

तुषार मात्र भलताच खूश. म्हणाला, "मॅडम, पुढच्या वर्षीही तुम्हीच आधी भरा. मी उलटा भरतो."

*

खरी गंमत लोडशेडिंगने केली. अमेरिकेतली रात्र म्हणजे आपली सकाळ, आणि कॉलेज रोडला वीज जायची नेमकी सकाळी. यूपीएस सामना संपायच्या आधीच मान टाकायचा. सरांनी शहराचं वेळापत्रक काढून कुणाच्या भागात सकाळी वीज असते ते शोधलं. इंदिरानगरला. म्हणजे माझ्या घरी! नुकतंच ब्रॉडबँडही आलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला अख्खं ऑफिस आमच्या दारात उभं. तुषारच्या खांद्यावर कॉम्प्युटर, सरांच्या हातात संकोचापोटी आणलेली केळी. माझा दहा महिन्यांचा ओजस त्यांना बघून जोरात रडला. मी लगेच त्याचं कपाळ तपासलं. ते मी तसंही दर तासाला तपासायचेच. ऑफिसात असले की घरी फोन करून तपासून घ्यायचे.

सासूबाई पोह्यांचं पातेलं ठेवत रोहिणीला म्हणाल्या, "बरं झालं तुम्हीच इथं आलात. आता ही फोन तरी करणार नाय."

*

आमच्या आई, म्हणजे सासूबाई, पिंपळगाव बसवंतच्या. माहेरी द्राक्षबागा. खेळाशी संबंध एवढाच की त्यांचे दीर कबड्डी खेळायचे. पोहे देता देता त्यांनी स्क्रीनकडे बघितलं आणि संघांच्या नावापुढचे आकडे कसले ते विचारलं. मी सांगितलं, ते सोळा-सोळा संघांच्या गटातले क्रमांक. पहिला म्हणजे सगळ्यांत तगडा, सोळावा म्हणजे सगळ्यांत कच्चा, आणि पहिल्या फेरीत पहिल्याची गाठ सोळाव्याशी घालतात.

आई थांबल्या. त्यांना ते अजिबात पटलं नाही. तगड्याला तगड्याशी लावावं, कच्च्याला कच्च्याशी, हे त्यांना शेतावरच्या बैलांपासून ठाऊक होतं.

"तुमच्या त्या साहेबाला कळव," त्या म्हणाल्या. "लहान पोरांना असं लय मारू नये."

त्या दिवसापासून त्या खालच्या नंबरच्या बाजूने. संघ कुठला, गाव कुठलं, काही माहीत नाही. "आज आपला बारावा आहे ना?" असं विचारून मगच देवपूजेला जायच्या.

*

ईमेलचा एक सांगायलाच हवा. एका गृहस्थांनी लिहिलं की त्यांच्या बायकोने जर्सीचे रंग बघून तक्ता भरलाय आणि ती त्यांच्या पुढे आहे. त्यांनी मात्र वीस वर्षं हा खेळ पाहिलाय. तरी चौकशी व्हावी.

रोहिणीने शाळेत शिकवलेल्या अर्जाच्या इंग्रजीत उत्तर धाडलं. आदरणीय महोदय, आपला अर्ज मिळाला, तपासणी केली, आपल्या पत्नी नियमानुसार पुढे आहेत, कृपया त्यांचं अभिनंदन करावं, ही नम्र विनंती. सरांनी ते वाचून कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी आदरणीय म्हटल्याबद्दल गृहस्थांनी आभार मानले होते. आणि अभिनंदन केल्याचंही कळवलं होतं!

*

मग रंगपंचमी. नाशिकची रंगपंचमी म्हणजे रहाड. जुन्या वस्तीत जमिनीत बांधलेले हौद, वर्षभर बुजवून ठेवलेले, त्या एका दिवशी उघडून रंगाने भरतात आणि माणसं धाडधाड उड्या मारतात. तो रंग आठवडाभर निघत नाही. सरांनी तुषारला बजावलं होतं, सोमवारी वेबकॅमवर ग्रेगशी बोलायचंय. तुषार म्हणाला, "सर, मी फक्त बघायला जाणार."

सोमवारी तो आला तो कानाच्या आतपर्यंत केशरी. रोहिणीच्या तोंडून थेट घरची अहिराणी निघाली, "हाई काय शे?" स्क्रीनवर ग्रेग कॅमेऱ्याजवळ सरकले. मग त्यांनी फार हळुवारपणे विचारलं की डॉक्टरांना दाखवलंय का.

तुषारने शांतपणे सांगितलं, "सर, आमच्याकडेही मार्चमध्ये असंच असतं."

*

आणि आता अंतिम सामना.

निकाल टाकून बटण दाबलं की विजेत्यांची ईमेल आपोआप हजारो लोकांना जाणार होती. गेली की गेली, परत घेता येत नाही. म्हणजे ते एक बटण, आणि माझी नोकरी. सकाळचे नऊ वाजत आलेले. सर, तुषार, रोहिणी माझ्या खुर्चीमागे. आई ओजसला कडेवर घेऊन दारात. अंगाला तेल लावल्यामुळे तो रडत रडत सारखा निसटत होता. पहिल्या नंबरचा संघ सहा गुणांनी पुढे, मिनिटभरही उरलेलं नाही.

मोबाइल वाजला. ग्रेग. ते तिकडे टीव्हीवर बघत होते. म्हणाले, संपलाय सामना, टाका निकाल, दुसऱ्या वेबसाइट आपल्या पुढे जातील. सरांनीही मागून हाताने खूण केली, दाब. मी विजेता निवडला. बोट बटणावर ठेवलं.

"काय म्हणतो तो?" आईंनी विचारलं.

"सामना संपला म्हणतायत."

"पोरं अजून खेळतायत का, विचार त्याला."

सर कुजबुजले, "मेघना, प्लीज." माझ्यासमोर दोन साहेब होते, एक अमेरिकेत आणि एक पाठीमागे, आणि दोघंही माझ्यापेक्षा शहाणे. पण दारात उभ्या असलेल्या बाईंच्या घरात मी राहत होते. मी फोनवर इंग्रजीत म्हणाले, "सर, माझ्या सासूबाई विचारतायत, मुलं अजून खेळतायत का?"

पलीकडे टीव्हीचा आवाज वाढला. मग ग्रेग म्हणाले, "हो, तशी खेळतायत."

मी आईंना सांगितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी फोनमध्ये म्हणाले, "मग त्या नाही म्हणतायत."

बोट उचललं. सरांनी डोळे मिटले. पान रिफ्रेश केलं, तीन गुणांचा फरक. सामन्याचं घड्याळ थांबलेलं. पुन्हा रिफ्रेश केलं, तोच आकडा. तेवढ्यात फोनमधून अशी आरोळी आली की ओजस दचकून रडायचाच थांबला. पुढच्या क्षणी स्क्रीनवर दोन्ही आकडे सारखे! सामना जादा वेळेत गेला होता. मिलिंद सर हळूच खाली फरशीवर बसले.

करार, सही, माझं कायम होणं, ते पुढे सगळं रीतसर झालं. पण त्या घडीला ग्रेगनी फोनवर अगदी अदबीने विचारलं, "मेघना, सासूबाईंना एकदा विचारशील का, जादा वेळेत कोण जिंकेल?"

मी विचारलं.

आई ओजसला घेऊन न्हाणीघराकडे निघाल्या होत्या. "त्याला म्हणावं, थांब जरा," त्या म्हणाल्या. "बाळाचं पाणी निवतंय."