सुपारी घ्या ना, वहिनी

माझ्या नणदेच्या यजमानांइतकी माणसांची तोंडं वाचलेला माणूस अख्ख्या रायपुरात दुसरा नसेल, आणि स्वतःचं तोंड इतकं उघडं टाकून हिंडणाराही दुसरा नसेल. आमच्याकडे त्यांना सगळे जावईबापूच म्हणतात. सत्तरी उलटली, गुडघे गेले, तरी जावईबापू. रेल्वेत टीसी होते. तिकीट बघण्याआधी ते माणूस बघायचे. त्यांचं म्हणणं असं, की बिनातिकिटाचा माणूस झोपेचं सोंग घेतो, पण पाय आवरून. खरा झोपलेला पाय पसरतो. आणि ज्याच्याजवळ तिकीट असतं तो मुद्दाम उशीर लावतो. हा खिसा चाचप, तो खिसा चाचप, पिशवी उघड. "टीसीले तंगवाची मजा घेते तो," ते सांगायचे. "ज्याच्याजवळ नाही, तो कसा, पटकन बोलून मोकळा होते. साब, पास है!"

निवृत्त झाल्यावर गुढियारीतल्या त्यांच्या घरात वाचायला तोंडंच उरली नाहीत. एक माझ्या नणदेचं, पण ते त्यांना चाळीस वर्षांत वाचता आलं नव्हतं. मग कुठून तरी त्यांच्या मोबाइलात तो पोकर आला. हातात दोन पत्ते, मध्ये मांडलेले पाच, आणि टेबलाभोवती पाच-सहा लोक, ज्यांची तोंडंच नाहीत, नुसती नावं. त्या वेळी पैशाची टेबलं चालायची. जावईबापू सगळ्यात लहान, दोन-दोन रुपयांच्या टेबलावर बसायचे, पण बसायचे असे की जणू डब्यात चढले आहेत. चष्मा पुसून, दाराआडच्या खिळ्यावरचा काळा कोट एकदा हाताने झटकून. मी म्हटलं, तोंड दिसत नाही तर वाचता काय? म्हणाले, "वहिनी, येळ वाचतो मी. जो लई विचार करून मोठी बोली लावते, तो खिसे चाचपून राहिला. तिकीट हाये त्याच्याजवळ. अन् जो घाईघाईनं दाबते, तो पासवाला."

आणि खरंच, बऱ्याचदा बरोबर निघायचं. त्या टेबलावरच्या एकाला त्यांनी 'उरल्याचा भट्टीवाला' ठरवून टाकलं होतं. का, तर तो पाळी बदलायच्या वेळेला चालू डाव सोडून गायब व्हायचा. नागपूरचा असेल, भिलाईचा असेल, पण जावईबापूंनी त्याला उरल्याच्या लोखंडाच्या कारखान्यात कायमची नोकरी लावून दिली. एकदा तो चार दिवस आला नाही तर यांना जेवण गोड लागेना. पाचव्या दिवशी आला, तेव्हा यांनी हातातले जिंकणारे पत्ते टाकून दिले. नणंद म्हणाली, "काहून टाकले? जिंकत होते ना तुमी." तर म्हणतात, "बिमार होतं वो बिचारं. उशिरा-उशिरा दाबून राहिलं, हात कापत असन."

आता मुख्य गोष्ट. जावईबापूंची एक पितळेची डबी आहे, घट्ट झाकणाची, उघडताना टक् करून वाजणारी. तिच्यात कातरलेली सुपारी. दिवाळीत आम्ही सगळे तीन पत्ती खेळायला बसतो, तेव्हा हातात चांगले पत्ते आले की हा माणूस आम्हाला विसरतो. घराला आग लागली तरी मान वर करणार नाही. पण हात रिकामा असला, नुसती थाप मारायची असली, की एकदम सगळ्या जगाची माया दाटून येते. टक्! "सुपारी घ्या ना, वहिनी." डबी निघाली की आम्ही शो मागतो आणि जिंकतो. चाळीस दिवाळ्या झाल्या. आमच्या घरात कोणाच्या पोटात काही राहत नाही, पण ही एक गोष्ट लहानांपासून थोरांपर्यंत सगळ्यांनी पाळली. ते बिचारे नशिबाला दोष देत राहिले.

म्हणून तर मोबाइलवर ते वाघ होते. तिथे डबी कोणाला दिसणार? एका दुपारी मी शेजारीच बसले होते. हातात दुरी आणि सत्ती, कशाला काही जुळत नाही, आणि यांनी समोरची सगळी रास पुढे ढकलली. लगेच टक्! मी मुकाट्यानं सुपारी उचलली. पलीकडच्यानं पत्ते टाकले. "पाहिलं? त्याले वाटलं, माह्याजवळ बादशाची जोडी हाये!" एवढा आनंद मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही बघितला नव्हता. पुढे पैशाची टेबलं बंद झाली, फुकटच्या चिपांचं राहिलं, तर त्यांचा जीव रमेना. "ज्याले हरायचीच भीती नाही, त्याले थाप कशी मारायची, वहिनी?"

मागच्या हिवाळ्यात मी नणदेकडे बिजोऱ्या, ते वाळवणातले तिळाचे वडे, घालायला गेले होते. जावईबापू समता कॉलनीतल्या दवाखान्यातून छातीचा रिपोर्ट घेऊन आले. एकटेच गेले होते, कोणाला सोबत येऊ दिलं नाही. आल्या-आल्या म्हणाले, "एकदम नॉर्मल! डॉक्टर म्हणे, बाबूजी, आपका दिल तो पच्चीस साल का है." आणि टक्! डबी पुढे केली ती पहिल्यांदा नणदेपुढे, जिनं जन्मात सुपारी खाल्ली नाही. मग माझ्यापुढे. मग दारात उभ्या भाजीवाल्या बाईपुढे. "घे वो दीदी, तू बी घे."

नणदेचा पिठातला हात थांबला. मग उरलेल्या बिजोऱ्या घातल्या, हात धुतले, पदराला पुसले, आणि त्यांच्यासमोर पाटावर बसून म्हणाली, "शो."

"कायचा शो?"

"पत्ते दाखवा."

किती तरी वेळ ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. हजारो तोंडं वाचलेला माणूस, पण तिथे काही सापडेना. शेवटी उठले, काळ्या कोटाच्या आतल्या खिशातून रिपोर्टचं पाकीट काढलं. तीन नसा बंद. ऑपरेशन, तेही लवकर.

"लपवलं काहून?"

"छाती फाडतेत वो त्यात. मले वाटलं, निघून जाईन थापेवर."

"चाळीस वर्सांत एक तरी डाव गेला काय तुमचा थापेवर?"

"पण तुले समजलं कसं?"

नणदेनं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. "असंच," ती म्हणाली. सांगितलं नाही. मला वाटतं, तेव्हाच तिनं पुढचं ठरवलं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी त्यांना दवाखान्याचा तो हिरवा झगा घातला, गाडीवर निजवलं. "मले काई भेव-गिव नाही," म्हणाले, आणि हात कमरेपाशी चाचपू लागला. झग्याला खिसा कुठला? नणदेनं पर्समधून डबी काढून त्यांच्या हातात ठेवली. "घ्या. वाटा." नर्स म्हणाली, "माताजी, अंदर नहीं ले जा सकते." नणंद म्हणाली, "अंदर नहीं जाएगी बेटा, बस बाँटने दो." त्यांनी सगळ्यांना एक-एक तुकडा दिला, नर्सलाही. मग डबी तिच्या हातात परत देऊन आत गेले.

नीट झालं सगळं. आता घरात काठी घेऊन फिरतात. डॉक्टरांनी सुपारी मात्र कायमची बंद केली. नणदेनं डबी धुऊन-पुसून तिच्यात बडीशेप भरून ठेवली आहे, आणि ते उठतील-बसतील तिथे हाताशी ठेवते. त्यांना वाटतं, तोंडाला चव म्हणून.

काल मी फोन केला. विचारलं, कसं काय, जावईबापू? "अरे, एकदम फस्सकिलास, वहिनी! तुमी कशा हाय?" आवाज अगदी ठणठणीत. आणि त्याच्यामागे, अगदी बारीक, टक्.

मी शो मागितला नाही. यंदा बिजोऱ्या कधी घालायच्या, ते विचारलं.