रुमालाखालचे अकरावे कलम

करारनामा वाचताना ज्याच्या अंगावर आनंदाने काटा उभा राहतो, असा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच जन्माला आला आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. लोक गाणे ऐकून डोलतात, नाटक बघून रडतात, या गृहस्थांना ‘सदर करारातील पहिला पक्ष’ एवढे शब्द दिसले तरी ते खुर्चीवरून उठत, शर्टाच्या बाह्या सरसावत आणि मांडीवर थाप मारून म्हणत, “हां, आता ये!” मूळचे कुंडलचे. तिथल्या आखाड्यात लहानपणी पाठीला बरीच माती लागल्यावर त्यांनी कुस्ती सोडून रसायनशास्त्र धरले, पण अंगातली खुमखुमी काही गेली नाही. ते सांगलीला कॉलेजात प्राध्यापक होते. कुणी कारखानदार किंवा व्यापारी विद्यापीठाला खर्च देऊन काही संशोधन करवून घेणार असला, की त्या कराराचा मसुदा आमच्या साडूंकडे यायचाच. बाकीचे प्राध्यापक शेवटच्या पानावर सही कुठे करायची तेवढे बघत. साडू ते शेवटचे पान आधी कपाटात बंद करून ठेवत. समोर असले की सही करायचा मोह होतो, असे त्यांचे म्हणणे.

हे वेड कॉलेजपुरते राहिले असते तर आम्ही नातेवाईक सुखी झालो असतो. एकदा साताऱ्याहून सांगलीला जाताना आमची एसटी कराडच्या अलीकडे बंद पडली. साडू कंडक्टरसमोर जाऊन उभे राहिले. “तिकीट काढलं म्हणजे करार झाला. पोचवायची जबाबदारी तुमची.” कंडक्टरने घाम पुसला आणि म्हणाला, “आवं साहेब, तिकीट हाय ते, खरेदीखत न्हाई. खाली उतरा आन् धक्का द्या.” साडूंनी धक्का दिला, पण आपण हा धक्का सर्व हक्क राखून देत आहोत, असे इतर प्रवाशांना साक्षीला धरून बजावले. मुलीच्या लग्नाच्या याद्या करायला व्याही आले तेव्हा मानपान, आहेर, जेवणावळ सगळे सुरळीत ठरले आणि साडूंनी गंभीरपणे विचारले, “उभयपक्षी वाद झाल्यास निवाडा कोण करणार?” व्याह्यांचा हात सुपारीवरच थांबला. तेवढ्यात आतून मेहुणीचा आवाज आला, “मी करीन. तुम्ही आधी पोहे खा, गार झाले.” याद्या तिथेच पुऱ्या झाल्या.

मी साताऱ्याच्या कॉलेजात शिकवत होतो. चाळिशी ओलांडल्यावर मला पीएच.डी.ची हुक्की आली आणि मार्गदर्शक म्हणून साडूच मिळाले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला अटी ऐकवल्या. घरात त्यांना दादा म्हणायचे, प्रयोगशाळेत सर. “घरात तुझ्या बायकोसमोर मी तुला बोलणार नाही. प्रयोगशाळेत माझ्या बायकोसमोरही बोलेन. मान्य?” मी मान्य म्हणालो आणि पुढे कितीतरी दिवस बायकोजवळ त्यांच्याविरुद्ध कुरकुर करत राहिलो. ती ते बहिणीला सांगे, बहीण त्यांना सांगे, आणि दुसऱ्या दिवशी साडू मला हसून म्हणत, “तक्रार पोचली. पुढे चालू.” हे आठवले की अजून मान खाली जाते.

विषय होता हळदीचा. सांगलीकडे हळद जमिनीखालच्या खोल खड्ड्यांत साठवतात. त्यांना पेव म्हणतात. तोंड बंद केले की आतली हवा इतकी कोंडते, की पेव उघडल्यावर माणूस उतरवण्याआधी कंदील सोडून बघावा लागतो. त्या हवेत किडा जगत नाही. पण एका शेठजींच्या पेवांतली हळद इतरांपेक्षा जास्त का टिकते, हे आम्ही शोधत होतो. शेठजींनी आधी नुसत्या शब्दावर पेवे वापरू दिली. मग खर्चही देऊ म्हणाले, तेव्हा विद्यापीठाने करार मागितला आणि त्यांच्या वकिलाने तो धाडला. अकराव्या कलमात लिहिले होते, की या कामाचे निष्कर्ष शेठजींच्या लेखी संमतीवाचून कोणालाही कळवू नयेत.

साडू ताडकन उठले. “कोणालाही म्हणजे परीक्षकालाही? मग हा प्रबंध काय तोंड बांधून देणार?” विद्यापीठाने मला दोनदा मुदत वाढवून दिली होती आणि आता वाढवणार नाही असे कळवले होते. त्या वर्षी प्रबंध गेला नाही तर सगळी वर्षे पाण्यात. मी म्हणालो, “सर, कचेरीतले म्हणतात, सही करून टाका, पुढे कोण विचारतंय.” त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी आपोआप चपला घातल्या. आम्ही तडक हळदीच्या बाजारात गेलो.

सौदे रंगात होते. हवा पिवळी, माणसे पिवळी. शेठजी गादीवर बसले होते, शेजारी वकील. “मास्तर, वकिलानं इंग्रजीत काय लिवलंय मला कळत न्हाई,” शेठजी म्हणाले. “पर माजी हळद का टिकती ह्ये बाजारात बोंबललासा, तर मी काय करू? भजी तळू?”

“आन् ह्यानं पोटात ठिवलं तर ह्येला डिग्री कोण देणार? तुमचा मुनीम?” साडू रंगात आले, की त्यांची प्राध्यापकी गळून पडे आणि आतून अख्खे कुंडल बाहेर येई.

शेठजी खदखदून हसले, खांद्यावरचा रुमाल काढला आणि म्हणाले, “हात द्या.”

हळदीचा भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात घालून बोटे दाबायची. शेजारच्याला आकडा कळता कामा नये. पण इथे बोट म्हणजे महिना होता. प्रबंध शेठजींना दाखवल्यावर किती महिन्यांनी परीक्षकांकडे धाडायचा, त्याचा सौदा! वकील कळवळून म्हणाले, “शेठ, अहो, करार असा होत नसतो.” शेठजी म्हणाले, “गप बसा वकीलसाहेब. ह्यो आमचा कायदा हाय.”

रुमाल हलू लागला. शेठजींचा चेहरा दगडासारखा. साडूंच्या भुवया मात्र वर चढत, खाली येत, पुन्हा चढत. हमालांनी पोती खाली टेकवली. माझ्या मागे एकाने विचारले, “कशाचा भाव चाललाय रं?”

“ह्या पावण्याचा.”

“कितीला चाललाय?”

“लय न्हाई अजून. माल जुना हाय.”

सगळे हसले, मीही हसलो. साडूंनी एकदा हात जवळजवळ सोडवून घेतला; शेठजींनी ओढून धरला. दोघे एकमेकांच्या डोळ्यांत बघत थांबले. मग साडूंनी मान किंचित हलवली. रुमाल उडाला आणि साडूंनी मांडीवर अशी थाप मारली, की वकिलांची टोपी सरकली. “तीन महिने! परीक्षकाकडं जायला मोकळा!”

हमाल ओरडले. मला त्या हळदीच्या धुरळ्यात लोळावेसे वाटले. मग शेठजी शांतपणे म्हणाले, “आन् मास्तरांचा मातीवरचा लेख आमी म्हणूस्तवर छापायचा न्हाई.”

साडूंनी तेही कबूल केले, वकिलांनी अकरावे कलम तसे बदलले आणि साडूंनी खाली सही केली. तो लेख मला ठाऊक होता. नदीकाठच्या पेवांची माती साडू कितीतरी वर्षे जमवत होते. टिकाऊपणाचे खरे मर्म हवेइतकेच मातीत आहे, असे त्यांनी एकट्याने शोधले होते. लेख पाठवायचाच राहिला होता. बाहेर आल्यावर मी त्यांचा हात धरला. “दादा, हे का दिलंत?”

“अरे गड्या, शेठच्या हातात कायतरी राहायला नको? सगळंच घेतलं असतं तर ती लूट झाली असती, करार कसा? आणि मुदत तुझी संपलीय. माझी कुठं संपलीय?”

मी तिथेच नको म्हणायला हवे होते. मी म्हणालो नाही. प्रबंध वेळेत गेला, पदवी मिळाली, साताऱ्यात सत्कार झाला. साडू दर हंगामात शेठजींना विचारत आणि शेठजी चहा पाजून म्हणत, “यंदा नको मास्तर.” गुपचूप छापून टाका, असे मी एकदा सुचवले, तेव्हा ते फक्त म्हणाले, “सही माझी आहे.”

परवा एका नियतकालिकात दक्षिणेकडच्या कुणा अभ्यासकाचा लेख आला. तीच माती, तोच निष्कर्ष. तो घेऊन मी कुंडलला गेलो. निवृत्त झाल्यावर साडू तिथेच राहतात. वाटेत दोनदा वाटले, परत फिरावे. त्यांनी लेख वाचला आणि लहान मुलासारखे ओरडले, “बरोबर निघालं! बघ, माझं बरोबर होतं!” मेहुणी चहा घेऊन बाहेर आली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

“त्या माणसाला पत्र लिही,” ते म्हणाले. “लिही, फार आनंद झाला.”

मी लिहिले. मग विचारले, “हे काम तुम्ही आधीच केलं होतं, असं लिहू?”

त्यांनी लेखाची पाने मिटून ठेवली. “नको,” म्हणाले. “एवढंच विचार, पेव उघडल्यावर त्यांच्या मातीचा वास कसा येतो.”