करणीवाले बदलले, पोट तेच

आमच्या माहेरच्या भावकीत माणूस गेला की त्यानं शेवटी काय खाल्लं, कुणाचं नाव घेतलं, मातीला कोण उशिरा आलं, सगळं सांगतात. कशानं गेला तेवढं सोडून. चाळीस वर्षं हेच ऐकत आले, त्यातून हे किस्से साठले. मी शाळेत गेलेली नाही. वाचायला शिकले ती पोरांच्या पुस्तकांवरून आणि खताच्या गोण्यांवरून. पण ऐकलेलं विसरत नाही, आणि ऐकलेल्यावर विश्वासही ठेवत नाही.

*

माहेर माझं तेलगावजवळचं. वडील पोटानं गेले. अन्न उतरेना, उलट्या, दोन-तीन महिन्यांत नुसती काडी. लोक म्हणाले, बांधाच्या भांडणात शेजाऱ्यानं करणी केली. पुढं चुलते गेले, तसेच. तेव्हा करणी चुलतीच्या माहेरच्यांनी केली म्हणे. मग माझ्या धाकट्या भावाचा, नानाचा, थोरला पोरगा दत्तू गेला, चाळिशीच्या आत. त्या खेपेला करणीवाला तिसराच निघाला.

मातीला जमलेल्यांत मी म्हणलं, "करणी करणारे दरसाली बदलतेत, मग पोट तेच कसं?"

नाना म्हणाला, "आक्का, आज तरी गप बस."

तेवढा एक दिवस बसले.

*

दत्तूला तपासणाऱ्या शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं, हा पोटाच्या कॅन्सरचा दोष रक्तातून येतो. आईकडून नाहीतर बापाकडून. सगळ्यांची जीन टेस्ट करा. मग एक दिवस गावच्या शाळेत त्यांची माणसं रक्त घ्यायला आली.

आदल्या आठवड्यात मी घरोघर फिरून सांगितलं होतं, तरी निम्मी भावकी शेताला पळाली. रक्त नेऊन विकतात, अशी बातमी होती. आमचे चुलतभाऊ बप्पा गावचे पुढारी, त्यांनी मात्र सगळ्यांच्या आधी नाव लिहिलं. महिन्यानं त्यांचा रिपोर्ट स्वच्छ आला. बप्पांनी पेढे वाटले, लेकीला बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं तो कागद ठेवला.

मला शंका आली, कारण रक्त घेतलं त्या दिवशी बप्पा घाटनांदूरला सत्कारात होते. म्हणजे माझ्या सासरच्या गावात. हार मी डोळ्यांनी बघितला होता. आणि दुपारी त्यांना न्यायला हाताला कापूस दाबून आला त्यांचा ड्रायव्हर, पन्नाशीचा माणूस, बप्पांचं आधार कार्ड खिशात घालून. त्या कार्डावरचा फोटो तसाही कुणासारखाच दिसत नसतो.

पेढा हातात घेऊन मी म्हणलं, "बप्पा, ड्रायव्हरला दोन द्या. बिचाऱ्याचं पोट लई चांगलं निघालं."

पाहुणे हसले नाहीत. त्यांनी बप्पांच्या लेकीच्या ताटात चार भाकरी वाढायला लावल्या आणि सगळे टक लावून तिच्या ताटाकडं बघत बसले. तिनं चारही खाल्ल्या आणि पाचवी मागितली. मग पाहुण्यांनी, पोरीला खायला लई लागतं म्हणून नकार कळवला.

*

नानाचा रिपोर्ट वाईट आला, आणि त्याच्या लेकीचा, मंगलचा बी. मंगल शेजारच्या गावात दिलेली, पदरात दोन लेकरं. मग डॉक्टरनं नानाला बोलावून कागदावर घराण्याचं झाड काढायला घेतलं. मी सोबत होते. नाना नावं सांगत गेला, डॉक्टर लिहीत गेला. कागद भरत आला तसा डॉक्टर थांबला.

"नाना, तुमच्या घरात बायका नाहीत का?"

"हायेत की. दिल्या."

"दिल्या म्हणजे?"

"लग्न करून दिल्या. त्या आता दुसऱ्या कुळाच्या."

मी म्हणलं, "कूळ बदलतंय डॉक्टर, आतडी न्हाई बदलत. लिवा." आणि एकेक बाई लिहायला लावली.

डॉक्टरनं विचारलं, "मोठ्या आतड्याचा कॅन्सर कुणाला झालेला?"

नाना म्हणाला, "न्हाई. आमचं समदं पोटाचंच."

डॉक्टर म्हणाला, "या दोषानं पोटाचा धोका वाढतो, बायकांना छातीचाही. मोठ्या आतड्याचं मात्र अजून ठाम सांगता येत नाही. पण घराण्यात एखादी केस असेल तर आपण तेही बघायला पाहिजे."

बाहेर आल्यावर नाना म्हणाला, "चांगला माणूस हाय."

"फी घेऊन माहीत न्हाई म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच बघितला," मी म्हणलं. "कायतरी भानगड हाय."

*

भानगड डॉक्टरकडं नव्हती. चार दिवसांनी मंगल माझ्याकडं आली. भांडी घासता घासता, मान वर न करता म्हणाली, "आत्या, मला खालून रगत जातंय. दोन महिने झाले. मूळव्याध आसंल. कुणाला बोलू नका."

मूळव्याध म्हणलं आणि मला काशीआत्या आठवली. माझ्या वडलांची बहीण, लिंबागणेशला दिलेली. ती मूळव्याधीनंच गेली, असं सगळे सांगायचे. नानानं तिचं नाव झाडात घातलंच नव्हतं, मी घातलं तेव्हा त्यापुढं आजार काही लिहिला नव्हता.

*

काशीआत्याचा किस्सा वेगळाच प्रसिद्ध होता. शेवटच्या दोन वर्षांत ती कमरेला कुणाचा हात लागू द्यायची नाही. लुगड्याच्या आत पोटाशी कायतरी बांधलेलं दिसायचं. सगळं गाव म्हणायचं, म्हातारीनं सोनं बांधलंय. ती गेली तशी तिच्या दोन्ही पोरांनी माती सावडायच्या आधी घर उकरलं. सोनं सापडलं नाही. थोरला म्हणाला धाकट्यानं नेलं, धाकटा म्हणाला थोरल्यानं. आजतागायत बोलत नाहीत.

माझा पोरगा विष्णू मला जीपनं लिंबागणेशला घेऊन गेला. वाटभर त्यानं गाणी मोठ्यानं लावली. आत्याच्या धाकट्या सुनेला मी सरळ विचारलं, "तुझ्या सासूला काय झालतं?"

"मूळव्याध."

"आन पोटाला काय होतं?"

तिनं दार लावलं. म्हणाली, "सोनं न्हवतं ओ. पिशवी होती. डॉक्टरनं आतडं कापून पोटाला भोक पाडलतं, संडास त्या पिशवीत. मीच धूत होते. कुणाला सांगायचं न्हाई म्हणून सासूबाईंनी शपथ घातलती."

"दोन भाऊ सोन्यापायी भांडले, तवा बी बोलली न्हाईस?"

"शपथ म्हणजे शपथ."

देवाच्या फोटोमागून तिनं ऑपरेशनचा कागद काढून दिला. सगळा इंग्रजीत. इंग्रजी मला एकच शब्द वाचता येतो, तंबाखूच्या पुडीवर रोज दिसतो तो. कागदावर तो तीन ठिकाणी होता.

*

डॉक्टरनं कागद बघितला. म्हणाला, "आत्याबाईंना हा दोष होता का, आता कळायचं नाही. एकीवरून संबंधही लावता येत नाही. पण मंगलताईंना रक्त जातंय, तर वाट बघायची नाही. आतड्याची दुर्बीण करायची."

मंगल ऐकेना. पोटाची दुर्बीण तोंडातून घालतात, ती तिनं केली होती. ही खालून.

"मेले तरी चालंल, पर मी तसली झोपणार न्हाई," ती म्हणाली. "आन काय हो आत्या, समद्या भावकीचं रगत काढायला लावलं. तुमचं कुठं हाय?"

"माझं वय झालं. मला आता काय होतंय?"

"मग माझं बी होऊ द्या की वय."

मी म्हणलं, "गुरवारी चल. तुझी दुर्बीण, माझं रगत. एकाच दिवशी."

*

गुरुवारी सकाळी दवाखान्यात गेलो. दुर्बिणीच्या खोलीबाहेर लांब बाक. आदल्या दिवशीचं जुलाबाचं औषध घेऊन मंगल पार गळलेली. आत एक तरुण डॉक्टर गेला, मागनं दुसरा. तिनं बघितलं आणि उठलीच. बाकाखालच्या चपला ओढून पायात घातल्या.

"आत्या, समदे पुरुष हायेत. मी चालले."

मी तिचा हात धरला. तिनं हिसका दिला. तेवढ्यात खोलीतली मावशी बाहेर आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला तोंड करून म्हणाली, "विष्णूभाऊ, गेल्या सालावानी चहा पिऊन न्हाई ना आलात? चला, पहिला नंबर तुमचाच."

टोकाला एक माणूस जाडजूड फाईल मांडीवर घेऊन, भिंतीकडं तोंड करून बसलेला होता. तो उठला. माझा विष्णू. सकाळी मोंढ्याला माल विकायला चाललो म्हणून घरून निघालेला.

"तू हितं कावून?" मी म्हणलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग मंगलकडं. फाईल माझ्या हातात दिली.

"धर माय," तो म्हणाला. "मला बी रगत जायचं. ही दुर्बीण करतोय त्याचं तिसरं साल हाय. काय दुखत न्हाई."

आणि आत गेला. फाईल जुनी, कडा मळलेल्या. मी उघडली नाही.

मंगल बाकावर बसली आणि पायातल्या चपला काढल्या.