एकटं राहायला आवडतं का?

झेरॉक्सचा गरम कागद हातात आला की बारामतीच्या कंपनीतली भरतीची तशीच गरम झेरॉक्स प्रश्नावली आठवते. ‘तुम्हाला एकटं राहायला आवडतं का?’ कऱ्हाटीच्या माळावर मेंढरं राखत वाढलेला मी तिथंच अडलो. कंपनीत आधी लागलेल्या मावसभावानं बजावलं होतं, “माणसांत मिसळणारा गडी लागतो त्यांस्नी. न्हाय म्हणून लिही.” मी ‘नाही’वर खूण केली आणि गोंगाटाच्या पॅकिंग खात्यात लागलो. खिडकीतून लांबचं पंपघर दिसायचं, तिथं एकच माणूस असायचा. मी साहेबांकडं ते काम मागितलं, तर त्यांनी माझाच कागद पुढं केला. “एकटं राहायला आवडत नाही, हे तुम्हीच लिहिलंय की.” आता निवृत्त होऊन माळावरच्या घरात एकटाच असतो, आणि करमत नाही. तेव्हा मी खोटं लिहिलं होतं की खरं, तेच कळेनासं झालंय.