व्हरांड्यातला होकार

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोला माझं ब्लडप्रेशर ठाऊक आहे, पगार ठाऊक आहे, लातूरच्या स्टँडवर जागेवरून भांडताना चष्मा फुटला होता तेही ठाऊक आहे — हे ठाऊक नाही. मित्रांच्या बैठकीत एकदा अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात कुणीतरी भज्यांची दुसरी प्लेट मागवली, आणि मीही भजी खाल्ली. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. दुसरं काही मोठं कारण नाही.

मी नांदेडच्या एका कॉलेजात प्राध्यापक आहे. आता निवृत्तीला आलोय. इथल्या शिस्तपालन समितीचा अध्यक्ष मीच. कुणी कुणाला बडवलं, कुणी परीक्षेत मोबाईल नेला, होस्टेलात नव्या पोराला कुणी छळलं — सगळं माझ्या टेबलावर येतं. माझी एक गोष्ट लोक कौतुकाने सांगतात: सरांच्या समितीपुढे बापाला पोरावर हात उचलू देत नाहीत. एका कार्यशाळेत मला यावर भाषण द्यायला बोलावलं होतं. गेलो. शालही घेतली.

हा हात उचलण्याचा काय प्रकार, ते आधी सांगायला हवं. सुरुवातीला मी लातूरच्या एका कॉलेजात होतो — तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली तर हरी हरी. कॉलेजात कुणाविरुद्ध तक्रार आली की नियमाप्रमाणे नोटीस, मग मुलाचं म्हणणं, मग सुनावणी, मग निर्णय. हे कागदावर. प्रत्यक्षात सुनावणी म्हणजे बाप. बापाला गावाहून बोलावून घ्यायचं. तो केबिनमध्ये येऊन उभा राहिला की प्राचार्यसाहेब चष्मा काढून रुमालाने पुसायला घ्यायचे. त्या वेळात बापाने पोराच्या दोन ठेवून द्यायच्या. चष्मा डोळ्यांवर नसल्यामुळे साहेबांनी काही पाहिलेलं नसायचं. मग चष्मा परत नाकावर, पोरगं तक्रारदाराच्या पाया पडायचं, चहा यायचा, ‘समज देऊन सोडले’ असं लिहून प्रकरण मिटायचं. कुणाचं वर्ष वाया जात नव्हतं. आम्हा सगळ्यांना ही पद्धत मायेची वाटायची. खोटं कशाला बोलू — मलाही वाटायची.

पण गावाकडून आलेल्या माणसाला हे कळणार कसं? ते सांगायचं काम माझं. तासिकावाल्यांच्या गळ्यात सगळीच कामं पडतात, तसं समितीचं सचिवपद माझ्या गळ्यात पडलं होतं. केबिनबाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बाप अंग चोरून बसलेला असायचा. मी जवळ जाऊन हळूच सांगायचो — साहेबांनी चष्मा काढला की दोन द्या, म्हणजे पोराचं वर्ष वाचतं. बहुतेकांना सांगावंही लागत नसे. ते घरूनच तयारीने आलेले असायचे.

आता शिवराजकडे येतो. टाळत होतो, तुमच्या लक्षात आलंच असेल.

शिवराज जळकोटचा. वडिलांचं किराणा दुकान. पोरगं बोलायला फर्डं — वक्तृत्वाची बक्षिसं आणायचं, आवाज असा की माईक नसला तरी चालेल. रेडिओवर बोलायची नोकरी मिळवायची, हे त्याचं ठरलेलं. त्या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये फिशपाँड वाचायचं काम साहजिकच त्याच्याकडे होतं. फिशपाँड तुम्हाला माहीत असतील — पोरं निनावी चिठ्ठ्या पेटीत टाकतात, आणि त्या स्टेजवरून ज्याच्या त्याच्या नावाने वाचल्या जातात. कुणाच्या केसांवर, कुणाच्या प्रेमावर. वाह्यात चिठ्ठ्या आधी काढून टाकायच्या असतात. ते काम माझं.

आणि आमच्याकडे कुलकर्णी मॅडम होत्या. मराठी शिकवायच्या. नवरा पुण्याला असायचा, इकडे येत नसे. का येत नसे ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मॅडम मात्र रोज टापटीप — इस्त्रीची साडी, केसात फुलांची वेणी. जिभेला जरा धार होती. मी तेव्हा निलंग्याहून येऊन-जाऊन करायचो, आणि शेवटचा तास दहा मिनिटं आधी सोडून एसटी गाठायचो. एकदा स्टाफरूममध्ये, उपप्राचार्य बसलेले असताना मॅडम हसत म्हणाल्या, “आमचे सर घड्याळ बघून नाही, एसटीचा हॉर्न ऐकून शिकवतात.” सगळे हसले. मीही हसलो. थट्टाच होती. पण माझी ऑर्डर दरवर्षी नव्याने निघायची, आणि ती काढणाऱ्यांत उपप्राचार्य होते. घरी जाईपर्यंत ते वाक्य डोक्यात घुमत राहिलं.

गॅदरिंगच्या दुपारी मी चिठ्ठ्या निवडत बसलो होतो. सगळ्या मिळमिळीत. काय झालं मला? काही झालं नाही. एक कोरा कागद घेतला आणि लिहिलं — कुलकर्णी मॅडम: साडी रोज नवी, वेणी रोज ताजी, पण घरी बघायला आहे कोण? घडी घातली. पेटीत टाकली. पेटी शिवराजच्या हातात दिली.

हो. मीच लिहिली. चांगला शिकलेला, बायको-पोरं असलेला माणूस — मी.

शिवराजने ती ठसक्यात वाचली. त्याला पूर्ण अर्थ कळलाही नसेल. बाकीच्या वाचत होता, तशीच ही. मांडवात आधी हशा झाला, मग तो अर्ध्यातच विरला. मॅडम पहिल्या रांगेतून उठून गेल्या. मागे वळून पाहिलं नाही त्यांनी. दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार आली.

साहेबांनी मला विचारलं, ही चिठ्ठी तुमच्या नजरेखालून गेली नव्हती का? मी म्हणालो, नाही साहेब, ही नंतर घुसवलेली दिसते. माझ्यानंतर पेटी कुणाकडे होती? शिवराजकडे. मला त्याचं नावही घ्यावं लागलं नाही. त्याला बोलावलं. तो म्हणत राहिला, मी फक्त वाचली, मी लिहिली नाही. आमच्या समितीत असं कोण म्हणत नाही? चार दिवसांनी त्याच्या वडिलांना बोलावणं गेलं.

मन्मथआप्पा. पांढरी टोपी, कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंग. जळकोटहून पहाटेच्या गाडीने आलेले, हातात पिशवी. शिवराज व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. मी आप्पांना नेहमीचं सांगितलं — चष्मा, दोन ठेवून द्या, वर्ष वाचेल. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघत म्हणाले, “सर, आजवर ह्याच्या अंगाला म्या बोट लावलं न्हाई. हा म्हणतो म्या लिवलं न्हाई. आता तुमी सांगा. तुमी हाव म्हणलाव तर मारतो. न्हाई म्हणलाव तर साहेबांनी कॉलेजातून काढलं तरी चालंल, हात उचलणार न्हाई.”

आजवर एवढ्या बापांना मी तिथे पढवलं होतं, असं कुणी विचारलं नव्हतं. बाकीचे सगळे गृहीतच धरून यायचे. आणि हा माणूस तो निवाडा माझ्यावर सोपवून, पिशवी मांडीवर घेऊन, शांतपणे वाट बघत होता. “न्हाई” म्हणायला किती वेळ लागतो? पुढचं काही सांगावंही लागलं नसतं — कुणी लिहिली ते सुद्धा नाही. नुसतं “न्हाई”.

मी म्हणालो, “हाव, आप्पा.”

आत चष्मा निघाला. आप्पांना मारता येत नव्हतं. पहिला हात कानाच्या वर कुठेतरी बसला. दुसरा नीट गालावर. शिवराज हलला नाही. त्याने वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग — तिसरा उठायच्या आत — तो म्हणाला, हो, मीच लिहिली. तिथेच बसलेल्या मॅडमच्या पाया पडला. मॅडमनी त्याला खांद्याला धरून उठवलं, जाऊ दे बाळा म्हणाल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, सर, तुम्ही माझ्यासाठी फार धावपळ केलीत. त्या दिवसापासून मी त्यांना वेणी माळलेलं पाहिलं नाही.

‘समज देऊन सोडले’ हे मी माझ्या हाताने लिहिलं. शिवराजचं वर्ष वाचलं. पण त्याला परत कुणी माईक दिला नाही, त्यानेही मागितला नाही. पदवी झाल्यावर तो जळकोटला दुकानात बसला. दिवाळीनंतर आप्पांनी कुणाच्या तरी हाती माझ्याकडे घरच्या तुरीची डाळ पाठवली, पोराचं वर्ष वाचवलंत म्हणून. आम्ही ती संपवली. चवीला फार चांगली होती.

पुढे मी कायम झालो, नांदेडला आलो, माझ्या समितीत मारणं बंद केलं. लोकांना वाटलं, सर सुधारक. मला वाटायचं, चला, फेड झाली. कुणाची कशी फेड? पण वाटायचं खरं.

आणि या जूनमध्ये आप्पा माझ्या केबिनमध्ये आले. नातीच्या ॲडमिशनसाठी. शिवराजची मुलगी. बाहेर पाटीवर माझं नाव बघून आत आले — थकलेले, काठी टेकत, पण टोपी तशीच पांढरी. मी उठून उभा राहिलो. शिवराज नाही आला? त्यांनी मान हलवली. तो कॉलेजच्या फाटकात पाय टाकत न्हाई म्हणाले. मग नातीला म्हणाले, बाळा, तू जरा बाहेर थांब.

ती गेल्यावर बोलले. पोरगा एकाच घरात राहतो, दुकान चांगलं बघतो, औषधपाणी करतो. “पण मालाचं तेवढं बोलतो, सर. दुसरं काई बोलत न्हाई. एकदा देवावर हात ठिवून म्हणला, आप्पा, म्या लिवलं नव्हतं. म्या म्हणलो, सर कशाला खोटं बोलतील?” त्यांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली. “आता माझं लई दिवस न्हाईत. तुमी खरं ते सांगा. न्हाई म्हणलाव तर आजच जाऊन पोराची माफी मागतो.”

पहिल्या वेळी माझ्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं — नोकरी कच्ची होती, पोरं लहान होती. ते मी स्वतःला बरीच वर्षं ऐकवलं. या वेळी काय होतं? पेन्शन पक्की आहे. मॅडम वारल्या. साहेब वारले. केबिनमध्ये आम्ही दोघंच. एक म्हातारा माणूस मला, मी पोराची माफी मागू का, असं विचारत होता, आणि माझं काहीच जाणार नव्हतं. शालसुद्धा नाही.

मी म्हणालो, “हाव, आप्पा. त्यानंच लिवली होती.”

त्यांनी मान डोलावली. बरं झालं, इचारलं म्हणाले. चहा अर्धा प्याले. मग दाराशी जाऊन नातीला आत बोलावलं आणि म्हणाले, ह्ये तुझ्या बापाचे सर, पाया पड.

ती वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.