हौदाची मोरी

"विषूचिका," यमूची नाडी सोडत वैद्यबुवा म्हणाले. लोक पटकी म्हणतात, तीच. पोटात काही ठरत नाही, अंगातलं पाणी निघून जातं, पायांत गोळे येतात. यमू माझी लेक, सात वर्षांची.

"पाणी देऊ नका. घोटभरही नाही."

आजवर बोललो नाही, ते आता सांगतो. पेठेतल्या हौदाची देखरेख माझ्याकडे होती. कात्रजहून आलेलं पाणी हौदात पडे. उरलेलं मोरीतून बाहेरच्या दगडी डोणीत जाई. तिथे महारवाडा पाणी भरी, मोरीच्या तोंडाशी माळीण भाजी धुई. चैत्रात पेठेतले चौघे आले. "बापूराव, धार अखंड आहे. त्यांच्या घागरींचा विटाळ धारेवरून हौदात चढतो. आपण तेच प्यायचं का?"

विटाळ चढत नाही, हे मला कळत होतं. तरी मोरी चुन्याने बुजवली. काम टिकवायचं होतं.

महारवाडा ओढ्याचं पाणी पिऊ लागला. पटकी आधी तिथे लागली. "घाणीत राहतात, दुसरं काय होणार," पेठ म्हणाली. मी मान डोलावली. माळीणही आता ओढ्यातच भाजी धुई. तिच्या कोथिंबिरीची चटणी यमूने खाल्ली होती.

दुखण्याच्या दुसऱ्या दिवशी यमूचे डोळे खोल गेले. "अण्णा, पाणी," म्हणे. मी वैद्यबुवांचा शब्द धरून बसलो. माझ्या बायकोने मीठ घातलेली पेज आणली आणि पळीपळीने पाजली.

"वैद्यबुवांनी मनाई केलीय."

"त्यांची लेक नाहीये ही."

पाचव्या दिवशी यमू उठून बसली. साथ टळावी म्हणून पेठेने नवस बोलून देवीची ओटी भरली, ब्राह्मणभोजन घातलं. पंगतीत मीही होतो. घास गिळला.

दुसऱ्या सकाळी पहार घेऊन मोरी फोडली. महारवाड्यातली राही डोणीशी आली. तिची दोन्ही नातवंडं गेली होती.

"आज कशी काय आठवण झाली, कारभारी?"

"पाणी सोडलंय."

तिने धारेकडे पाहिलं. "पानी तवाबी हुतंच की," म्हणाली, आणि घागर लावली.

आठवडाभरात माझ्या जागी दुसरा आला. मोरी पुन्हा बुजली.

ज्यांच्या घरात पटकी शिरेल, त्यांनी रोग्याला तहानेलं ठेवू नये. आणि नवस बोलण्याआधी आपण कोणाचं पाणी तोडलंय, ते पाहून यावं. यमू वाचली म्हणून देवापुढे हात जोडायला जातो. राहीची नातवंडं आठवतात, आणि हात तसेच खाली येतात.